डोळ्याच्या पडद्यासारखी चिप थेट कडाच देते म्हणे. पितळी बुशची बर पकडेल का?

खाचखळगे (धागाकर्ता), सोमवार रात्री १०:४०

मंडळी, भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे. पितळेचे बुश, म्हणजे मधे भोक असलेल्या छोट्या नळ्या, करतो, करंगळीच्या पेराएवढे. आतल्या चॅम्फरच्या, म्हणजे तिरप्या कापलेल्या काठाच्या, कडेवर कधीकधी बर राहते. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी: धातू कापल्यावर कडेला जे कुसळ उभं राहतं ती बर. पुढे असेंब्लीत ती ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) कापते आणि अख्खा लॉट आमच्या दारात परत येतो.

आजवर क्यूसीच्या, म्हणजे माल तपासणाऱ्या, दोन मुली भिंगाखाली एकेक नग बघतात. संध्याकाळी पाचनंतर त्यांचे डोळे दमतात, आणि तक्रारी नेमक्या त्यानंतरच्या नगांच्याच येतात. म्हणून कॅमेरा घेतला. वर रिंगलाइट, शेजारी पीसी, त्यात कडा शोधणारं सॉफ्टवेअर. कडा शोधतं हो ते, पण किती शोधतं! तेलाचा ओघळ म्हणजे कड, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब म्हणजे कड, टूलच्या रेघा म्हणजे कडा. खरी बर मात्र चमकाऱ्यात बुडालेली.

परवा भाचा म्हणाला, मामा, आता डोळ्याच्या पडद्यासारख्या चिप निघाल्यात, त्या फोटो काढतच नाहीत, थेट कडाच देतात. भाचा सीओईपीत आहे, त्यामुळे अर्धं खरं असणार. उरलेलं अर्धं तुम्ही सांगा. ही भानगड काय आहे, आणि माझ्या बुशला तिचा उपयोग आहे का?

---

मोदकप्रिय, सोमवार रात्री १०:५८

रिंगलाइट काढा. बॅकलाइट लावा. धागा बंद करा.

---

अर्धवट_पीएचडी, सोमवार रात्री ११:५५

भाचा बरोबर बोलला, पण एकाच नावाखाली तीन वेगळ्या जातीच्या चिप फिरतात. त्या एकत्र कालवल्या की पुढे गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कड म्हणजे काय ते बघू. एका ओळीतल्या सहा पिक्सेलवर पडणारा उजेड असा समजा: १०, १०, १०, ५०, ५०, ५०. आता प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यातून दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी वजा करायची. मधल्या चौघांची उत्तरं येतात ०, उणे २०, अधिक २०, ०. सपाट जागा गप्प, फक्त सीमेवरचे दोघं बोलले. पीसीतलं सॉफ्टवेअर याच्याच सुधारलेल्या आवृत्त्या चालवतं. फक्त ते आधी अख्खं चित्र मागवतं आणि मग वजाबाक्या करत बसतं.

पहिली जात: ही वजाबाकी पिक्सेलच्या शेजारीच, तारांमध्ये उरकणारी. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात कार्व्हर मीड आणि त्यांची विद्यार्थिनी मिशा माहोवाल्ड यांनी ऐंशीच्या दशकात 'सिलिकॉन रेटिना' केली. १९९१ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये दोघांचा तिच्यावर लेख आला आणि ती जगभर पोचली. प्रत्येक पिक्सेल रोधांच्या (रेझिस्टरच्या) एका जाळीला जोडलेला. वीज जाळीत आजूबाजूला पाझरते, त्यामुळे जाळीच्या प्रत्येक गाठीवर आपोआप परिसराची सरासरी तयार होते. पिक्सेलने स्वतःचं मूल्य आणि गाठीवरचं मूल्य यांतला फरक तेवढा बाहेर द्यायचा. ना घड्याळ, ना प्रोग्रॅम, ना मेमरी. सगळी बेरीज-वजाबाकी भौतिकशास्त्राने फुकटात केलेली.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट लॉगॅरिदमची. वरच्या ओळीवरचा उजेड निम्मा केला तर आकडे होतात ५ आणि २५, आणि कडेवरचा फरक २० वरून १० वर येतो. म्हणजे ढग आला की कड पुसट. पण आधी लॉग घेतला तर वजाबाकीचं भागाकारात रूपांतर होतं. ५० भागिले १० म्हणजे ५, आणि २५ भागिले ५ म्हणजेही ५. ढग आला काय, गेला काय, कड तेवढीच. ट्रान्झिस्टर अगदी कमी विजेवर, नीट 'चालू' होण्याच्या आधीच्या अवस्थेत वापरला की हा लॉग त्याच्या स्वभावातच मिळतो.

दुसरी जात म्हणजे इव्हेंट कॅमेरा. हल्ली 'रेटिनासारखा कॅमेरा' म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. हा शेजाऱ्याशी तुलना करत नाही, स्वतःच्याच मघाच्या मूल्याशी करतो. लिख्टश्टायनर, पॉश आणि डेलब्रुक यांनी २००८ मध्ये १२८×१२८ पिक्सेलची चिप प्रसिद्ध केली. उजेड ठरावीक प्रमाणात, समजा दहा-पंधरा टक्के, वाढला किंवा घटला तर पिक्सेल एवढंच कळवतो: मी अमुक, वेळ तमुक, वाढला किंवा घटला. नाहीतर गप्प. भरपूर उजेडात हा निरोप १५ मायक्रोसेकंदांच्या आसपास निघतो. हलत्या वस्तूच्या पोटात उजेड फारसा बदलत नाही, बदलतो तो कडेवर. म्हणून याचं चित्र म्हणजे हलणाऱ्या वस्तूंच्या नुसत्या बाह्यरेषा.

तिसऱ्या जातीबद्दल उद्या. उद्या गाइडसमोर उभं राहायचंय आणि स्लाइड्स अजून कोऱ्या आहेत.

---

पापणी, मंगळवार सकाळी ७:१०

वाचून मजा आली. मी नेत्रतज्ज्ञ, चिपमधलं काही कळत नाही, पण मूळ माल रोज बघते.

पडद्यात उजेड टिपणाऱ्या साधारण बारा कोटी रॉड पेशी आणि साठ लाखांच्या घरात कोन पेशी असतात. मेंदूकडे जाणाऱ्या नसेत मात्र तंतू जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे शंभर जणांनी पाहिलेलं एकानं सांगायचं. हे जमतं कारण मधल्या थरांत काटछाट होते. आडव्या पेशी शेजारपाजारची सरासरी काढतात, बायपोलर पेशी त्यातून फरक उचलतात. वर सांगितलेली जाळी म्हणजे या आडव्या पेशीच झाल्या. आणि ही काटछाट सगळीकडे सारखी नसते. अगदी मध्यभागी, जिथे आपण सुईत दोरा ओवताना बघतो, तिथे जवळपास एका कोनला एक तंतू अशी चैन असते. कडेला मात्र एका तंतूवर खूप जणांचा भार.

नोकरीच्या सुरुवातीची एक गंमत सांगते. पापणीवर बारीक टॉर्च हलवला की काही पेशंट दचकतात, म्हणतात, डॉक्टर, मला झाडाच्या फांद्या दिसल्या! त्या त्यांच्याच पडद्यावरच्या रक्तवाहिन्या. पुर्किन्ये नावाच्या झेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवलंय. आपल्या पडद्यात प्रकाशपेशी सगळ्यात मागे असतात, रक्तवाहिन्या त्यांच्या पुढ्यात. म्हणजे त्यांची सावली जन्मभर डोळ्यात पडलेली असते. तरी दिसत नाही, कारण ती जागची हलत नाही. टॉर्च हलला, सावली हलली, की लगेच झाड उभं राहतं.

इव्हेंट कॅमेऱ्याचं वर्णन वाचताना मला हेच आठवलं.

---

जुनाट_ट्रान्झिस्टर, मंगळवार सकाळी ९:३०

पापणीताई, ही पुढेमागेची गंमत आमच्या धंद्यातही झाली. कॅमेऱ्याच्या चिपमध्येसुद्धा कित्येक वर्षं धातूच्या तारा वर आणि प्रकाश टिपणारा डायोड खाली असाच मामला होता. उजेड तारांच्या फटींतून खाली यायचा. मग चिप पाठीमागून घासून पातळ केली, उलटी केली, आणि उजेड थेट डायोडवर पडायला लागला. मोबाइलमध्ये हल्ली सर्रास तेच असतं. निसर्गाला आपल्या डोळ्यात जे जमलं नाही ते आम्ही करून दाखवलं. ऑक्टोपसच्या डोळ्यात म्हणे आधीपासूनच सरळ आहे.

मी निवृत्त. हयात अॅनालॉग सर्किटं जुळवण्यात गेली, त्यामुळे पीएचडी महाशयांनी गाळलेली खोट मी सांगतो. ट्रान्झिस्टर त्या 'अर्धवट चालू' अवस्थेत वापरले की एकासारखा दुसरा वागत नाही. एकाच चिपवरचे, एकाच भट्टीतले, तरी प्रत्येकाचा पाय वेगळ्या ठिकाणी दुखतो. परिणाम असा की कोरी भिंत दाखवली तरी चिपला तिच्यावर डाग दिसतात. दुसरं म्हणजे जागा. पिक्सेलमध्येच एवढं सर्किट भरलं तर उजेडाला जागा कुठे? त्या २००८ च्या चिपचा पिक्सेल ४० मायक्रॉन बाजूचा होता आणि त्यातला दहावा हिस्सासुद्धा उजेडाच्या वाट्याला नव्हता. वन रूम किचनमध्ये अख्खी फॅक्टरी थाटायची म्हणजे असंच होणार.

यावर तोड निघाली ती दुमजली बांधकामाची. वरच्या मजल्यावर डायोड, खाली सर्किट, मध्ये तांब्याचे सांधे. २०२१ मध्ये सोनी आणि पॅरिसच्या प्रोफेसी कंपनीने १२८०×७२० ची इव्हेंट चिप जाहीर केली, तिचा पिक्सेल ४.८६ मायक्रॉनचा. बाजू आठपटीने आखडली. तेव्हा खाचखळगे, विकत मिळते. खिसा मात्र सांभाळून.

अवांतर: माहोवाल्डबाई मुळात जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी. १९९६ मध्ये गेल्या, वय अवघं तेहतीस.

---

ठिपक्यांची_रांगोळी, मंगळवार दुपारी २:२५

मला यातलं पाव टक्का कळलं, पण एक विचारते. संस्कारभारतीची रांगोळी काढताना आम्ही आधी रंग पसरतो आणि शेवटी त्यावर पांढऱ्या रेघा सोडतो. रेघ पडेपर्यंत रंग अगदी मेलेले वाटतात. रेघ पडली की तेच रंग उठतात. रंग तर चिमूटभरही वाढवलेला नसतो. हे तुमच्या त्या शेजाऱ्याच्या वजाबाकीमुळे का?

---

पापणी, मंगळवार दुपारी ३:०५

ताई, बराचसा वाटा तिचाच. एका बाजूला गडद आणि शेजारी फिकं असलं की सीमेवर गडद आणखी गडद, फिकं आणखी फिकं दिसतं. अर्न्स्ट माखने १८६५ मध्ये हे मांडलं, म्हणून त्यांना माखचे पट्टे म्हणतात. रंगाच्या दुकानातलं करड्या छटांचं शेडकार्ड बघा. प्रत्येक पट्टी खरं तर सपाट असते, पण सांध्यापाशी फुगीर-खोलगट भासते. पीएचडींच्या आकड्यांत सीमेवर उणे २० आणि अधिक २० आले ना, तेच हे.

पेशीच्या पातळीवर पुरावा नंतर आला. हार्टलाइन यांनी नालखेकड्याच्या डोळ्यात दाखवलं की एका पेशीवर उजेड असताना शेजारणीवरही उजेड टाकला तर पहिली दबते. त्यांना १९६७ चं नोबेल विभागून मिळालं. कुफ्लर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या पडद्यात 'मधे हो, भोवती नाही' अशा पेशी दाखवल्या, आणि उलट्या स्वभावाच्याही. रंगांची वजाबाकी आणखी वेगळी असते, त्यात आत्ता शिरत नाही. ओपीडी सुरू होतेय.

---

स्पष्टवक्ता_पेठेतला, मंगळवार संध्याकाळी ६:१५

माणसाने डोळ्याची नक्कल करायची हौस आधी सोडावी. डोळ्याच्या मागे मेंदू आहे. चिपच्या मागे काय आहे? भोसरीचा पीसी.

---

खाचखळगे, मंगळवार रात्री ९:४८

पेठेतल्या, पीसी चांगला आहे हो. सेकंडहँड आहे, पण चांगला आहे.

बाकी सगळ्यांचे आभार. क्यूसीच्या मुलींना शेडकार्डाचं दाखवलं, दहा मिनिटं काम बंद. मोदकप्रिय, तुमचा बॅकलाइट खरंच लावून बघितला. भाच्याने दुधाळ अॅक्रिलिकमागे एलईडी पट्टी चिकटवली. बाहेरची कड एकदम सुरेख, काळीपांढरी, कात्रीने कापल्यासारखी. पण माझी बर आतल्या चॅम्फरवर, ती बहुतेक वेळा भोकाच्या आत डोकावतच नाही, वर झुकलेली असते. मागून उजेड टाकल्यावर ती सावलीतच राहते. आता?

---

मोदकप्रिय, मंगळवार रात्री १०:२०

हे आधी सांगायचं ना. 'कडेवर बर' म्हणालात, मला वाटलं बाहेरची. आता नीट लिहितो.

चाकण-रांजणगाव पट्ट्यात बारा वर्षं कॅमेरे बसवतोय. दहातल्या आठ ठिकाणी रोग कॅमेऱ्याचा नसतो, उजेडाचा असतो. लोक लाखाचा कॅमेरा घेतात आणि वर बाजीरावच्या दुकानातली दोनशेची पट्टी लावतात. कड सॉफ्टवेअरमध्ये शोधायचीच नसते, ती दिव्याने तयार करायची असते. तुमच्या केसमध्ये दिवा खूप खालून, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, आडवा टाका. सपाट पितळ काळं पडेल आणि उभं राहिलेलं कुसळ तेवढं चमकेल.

हलण्याबद्दलही बोलतो, कारण हे 'मायक्रोसेकंद, मायक्रोसेकंद' ऐकून लोक भाळतात. पट्टा सेकंदाला ३०० मिमी पळतोय आणि शटर १०० मायक्रोसेकंद उघडं आहे, तर चित्र ०.०३ मिमी फराटतं. तुमच्या बरेला ते चालून जाईल. नाही चाललं तर दिवा स्ट्रोब करा, २० मायक्रोसेकंदांचा फ्लॅश. साध्या कॅमेऱ्यात होतं हे सगळं.

इव्हेंट कॅमेरा एका ग्राहकाकडे डेमोला आला होता. ट्यूबलाइटखाली धरल्याबरोबर पडदाभर मुंग्या.

---

अर्धवट_पीएचडी, मंगळवार रात्री ११:३५

मुंग्यांचं खरं आहे. आपली मेन्स ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-विझतात. डोळ्याला ते कळत नाही, इव्हेंट पिक्सेलला प्रत्येक वेळी बातमी वाटते. नव्या चिपमध्ये ही लुकलुक गाळायची सोय असते, किंवा दिवा सरळ डीसीवर, म्हणजे बॅटरीसारख्या एकसारख्या विजेवर, चालवायचा. अंधारातही घोळ होतो: निरोप उशिरा निघतो आणि खोटे निरोप वाढतात. १५ मायक्रोसेकंद हा प्रयोगशाळेतल्या लख्ख उजेडाचा आकडा.

पण जिथे ती चमकते तिथे खरंच चमकते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून दुपारी बाहेर पडताना डॅशकॅमचं चित्र क्षणभर पांढरंफटक होतं ना? साधा सेन्सर साठ-सत्तर डेसिबलची (इथे आवाज नव्हे, उजळ आणि अंधाऱ्या भागांतलं प्रमाण) उजेडाची दरी पेलतो, इव्हेंट कॅमेरा १२० च्या पुढे, कारण प्रत्येक पिक्सेल स्वतःपुरता लॉग घेतो. बोगद्यातली भिंत आणि बाहेरचं ऊन एकाच वेळी. गाड्यांसाठी खास केलेले साधे सेन्सरही आता तिथवर पोचलेत, पण त्यांना अनेक एक्स्पोजर किंवा तसल्या युक्त्या कराव्या लागतात.

आणि डेटा. १२८०×७२० चा आठ बिटी काळापांढरा कॅमेरा सेकंदाला ६० फ्रेमने चालवला तर साडेपाच कोटी बाइट, हजार फ्रेमने चालवला तर ९२ कोटी. समोर काही घडो न घडो. इव्हेंट चिप शांत दृश्यात जवळजवळ काहीच पाठवत नाही. तुलनेसाठी: २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने गिनीपिगच्या पडद्यावर मोजमाप करून अंदाज काढला की माणसाचा पडदा मेंदूला सेकंदाला साधारण एक कोटी बिट पाठवत असावा. बाइट नव्हे, बिट.

आता राहिलेली तिसरी जात. यात डायोडच वजनदार असतो. म्हणजे विजेचा दाब बदलून त्याची उजेडाला दाद देण्याची ताकद कमीजास्त करता येते, इतकंच नाही तर उणेसुद्धा करता येते. नऊ डायोड ३×३ मांडा, मधल्याला अधिक, भोवतालच्यांना उणे वजन द्या, सगळ्यांच्या तारा एकत्र बांधा. प्रवाह आपसूक बेरजेत येतात आणि बाहेर पडतो तो थेट 'इथे कड आहे का' याचा आकडा. वजनं बदलली की त्याच चिपकडून दुसरं काम. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये टंगस्टन डायसेलेनाइडच्या, काही अणू जाडीच्या थरात असे २७ डायोड केले आणि एन, व्ही, झेड ही अक्षरं सुमारे ५० नॅनोसेकंदांत ओळखून दाखवली. पण चित्र फक्त नऊ पिक्सेलचं. खाचखळगेंच्या बुशपर्यंत यायला तिला बरीच स्टेशनं लागतील.

---

ठिपक्यांची_रांगोळी, बुधवार सकाळी ११:१०

आमच्या लेकाने काल रात्री लॅपटॉपवर तुमच्या दुसऱ्या जातीची घरगुती नक्कल केली. वेबकॅमच्या ताज्या फ्रेममधून मागची फ्रेम वजा, बस. कर्वेनगरच्या गॅलरीत लावून बसलो. पडदा काळा, त्यात रस्त्यावरून चालणाऱ्यांच्या नुसत्या रेषा. रिक्षा गेली की रेषेचीच रिक्षा. गेटपाशी कुत्रा झोपलेला होता तो नाहीच! मध्येच एक शेपूट उमटली आणि गेली. मी हसून हसून बेजार.

मग वारा सुटला आणि समोरच्या पिंपळाने सगळा पडदा भरून टाकला.

---

जुनाट_ट्रान्झिस्टर, बुधवार दुपारी १२:०५

ताई, लेकाला शाबासकी सांगा. पिंपळाची तक्रार मात्र जगभरच्या इव्हेंट कॅमेरावाल्यांची आहे. पाऊसही तसाच. बदल झाला की तो बोलणार, महत्त्वाचा कुठला ते त्याला कळत नाही.

---

पापणी, बुधवार दुपारी ४:४०

कुत्र्याबद्दल. आपल्या डोळ्यालाही झोपलेला कुत्रा दिसला नसता, पण डोळा स्वतःच सतत किंचित थरथरत असतो. एकटक बघतोय असं वाटतं तेव्हासुद्धा. पन्नासच्या दशकात प्रयोगशाळेत चित्र डोळ्याबरोबरच हलेल अशी युक्ती करून ती थरथर बाद केली, तर लोकांना समोरचं चित्र काही सेकंदांत विरताना दिसलं. म्हणजे जग हलत नसेल तर डोळा हलतो.

खाचखळगे, तुमचा बुश पट्ट्यावर सरळ पुढे जातो की फिरतो? सहज विचारते.

---

खाचखळगे, बुधवार रात्री १०:१५

सरळ जातो, डॉक्टर. फिरवायचा कशाला?

---

अर्धवट_पीएचडी, बुधवार रात्री १०:३१

थांबा थांबा थांबा.

डॉक्टरांनी काय विचारलंय बघा. बुश लेथवर केलेला आहे. म्हणजे अक्षाभोवती सगळीकडून सारखा. तो जागच्या जागी, स्वतःच्या अक्षाभोवती, स्थिर दिव्याखाली फिरवला तर वरून काय बदल दिसेल? काहीच नाही. चमकारा जागच्या जागी. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब जागच्या जागी. टूलच्या रेघा जवळजवळ गोलच, त्याही जागच्या जागी. फिरताना उजेड बदलवेल ते फक्त अक्षाभोवती सारखं नसलेलं काही. म्हणजे बर!

तुम्हाला छळणाऱ्या सगळ्या कडा डॉक्टरांच्या त्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या होतील. असतील, पण दिसणार नाहीत. पट्ट्यावर सरळ नेलात तर मात्र झाडून सगळ्या हलतील आणि सगळ्या बोंबलतील.

आमच्या लॅबमध्ये इव्हेंट कॅमेरा आहे. परवानगी मिळवतो. शनिवारी बारा नग घेऊन या, सहा चांगले, सहा बरवाले. कुठले कुठले ते मला सांगू नका.

---

मोदकप्रिय, बुधवार रात्री १०:५०

कल्पना झकास, हे कबूल. तेलाचा ओघळही अक्षाभोवती सारखा नसतो, हे विसरू नका. आणि बुश केंद्रात बसला नाही तर अख्खी कड डुगडुगणार, म्हणजे सगळीच बोंब.

---

खाचखळगे, शनिवार रात्री ९:२०

जाऊन आलो. जसं झालं तसं सांगतो.

पहिला तास वाया. टर्नटेबलवर बुश नुसता ठेवला होता, मोदकप्रियंचं भाकीत तंतोतंत खरं: प्रत्येक फेऱ्यात कड एकदा इकडे, एकदा तिकडे, पडद्यावर चंद्रकोरी. मग भाच्याने घरून आणलेल्या कॉलेटमध्ये, म्हणजे नग बरोबर मधोमध धरणाऱ्या पकडीत, पकडला. लॅबचे दिवे बंद, बॅटरीवरचा एलईडी. आणि खरंच सांगतो, पडदा काळा झाला. एवढा पितळी चकचकीत नग समोर गरगर फिरतोय आणि कॅमेऱ्याला त्याचा पत्ताच नाही! मग दुसरा नग लावला, तर एका वर्तुळावर एक ठिपका पळताना दिसला. भिंगाखाली बघितलं, बर.

बारापैकी सहा बरवाले होते, सहाही पकडले. पण चांगल्यांतले दोनसुद्धा पकडले. एकावर तेलाचा थेंब, दुसऱ्यावर माझ्याच बोटाचा ठसा. पुसून परत लावले तर गप्प.

कॅमेऱ्याची किंमत विचारली. त्यात माझ्याकडे एक जुनी सीएनसी येते.

---

मोदकप्रिय, शनिवार रात्री ९:४१

तुमचा वेग काय? मिनिटाला किती नग तपासायचेत?

---

खाचखळगे, शनिवार रात्री ९:४४

आठ-दहा. मुलीही तेवढेच बघतात.

---

मोदकप्रिय, शनिवार रात्री १०:०२

मग मायक्रोसेकंद कुणाला हवेत? नग सेकंदात एक फेरा सावकाश फिरवा. तुमचा आहे तोच साधा कॅमेरा, ६० फ्रेम. ताज्या फ्रेममधून मागची वजा, त्या रांगोळीताईंच्या लेकासारखं. चमकाऱ्यात जे पिक्सेल भरून वाहतात ते सोडून द्यावे लागतील, म्हणून दिवा माझ्या सांगण्यासारखा आडवाच हवा, आणि डीसीवर. वजाबाकी तुमच्या सेकंडहँड पीसीलाही झेपेल. कॉलेट चांगलं घ्या, पैसे तिथे घाला.

---

अर्धवट_पीएचडी, शनिवार रात्री १०:१०

आमच्या चिपचा धंदा बुडवलात. पण बरोबर आहे. हाच नग मिनिटाला सहाशेने तपासायचा असता तर मी भांडलो असतो.

---

स्पष्टवक्ता_पेठेतला, शनिवार रात्री १०:३०

शेवटी भोसरीचा पीसीच.

---

ठिपक्यांची_रांगोळी, रविवार सकाळी ८:५०

लेक विचारतोय, मागची फ्रेम वजा करण्याऐवजी अख्ख्या फेऱ्याची सरासरी काढून ती वजा केली तर? म्हणे, एकच मागची फ्रेम घेतली की बर दोनदा दिसते, एकदा आली म्हणून आणि एकदा गेली म्हणून.

---

जुनाट_ट्रान्झिस्टर, रविवार सकाळी ९:१५

कितवीत आहे तो?

---

ठिपक्यांची_रांगोळी, रविवार सकाळी ९:१८

नववीत.

---

खाचखळगे, रविवार सकाळी ९:४०

ताई, पुढच्या शनिवारी त्याला वर्कशॉपवर पाठवता का? गाडी पाठवतो. बूट घालून येऊ दे, खाली पितळेचा कीस असतो. आणि नग पुसायला जुनी सुती साडी असेल तर तीही द्या, बाजारातल्या चिंध्यांचे धागे सुटतात आणि आता तेही दिसायला लागलेत.